एक शब्द सांडला

केदारी तांबटाची गाणी
त्याच्या आधी पोचायची सगळीकडे.
पापाच्या तिकटीला त्यानं पहाटे बांधलेली चाल
न्याहारीपर्यंत रंकाळ्यावर,
धुणं आपटणाऱ्या बायांच्या तोंडात.
गणपतीच्या मेळ्यात तो पुढं,
मागं मी ढोलकी घेऊन,
आणि आमच्या मागं अख्खी गल्ली.
उभं राहून गाणं त्याला ठाऊकच नव्हतं.
ओळ पावलावर यायची,
वळण आलं की कडवं बदलायचं.

चित्र बोलायला लागलं
तसं कंपनीच्या मालकानं बोलावणं धाडलं.
भाटाचं काम आहे, गाणी तुझीच, तूच म्हणायचीस.
केदारीनं विचारलं, आणि पैसे कुणाचे?
सगळे हसले.
तो हसला नव्हता.

शूटिंग रात्री.
दिवसा मिलचा भोंगा, टांगे, म्हशी, कावळे,
सगळ्यांनाच गाण्यात काम पाहिजे असायचं.
आवारातला आंबा झाला राजाची बाग.
त्याच्यामागं मी, मांडीवर ढोलकी,
फांदीवर पेटी घेऊन आबू मुजावर.
त्याचा एक पाय लोंबायचा,
तो रंगाऱ्यानं खोडाच्या रंगात रंगवून टाकला.
आबू महिनाभर एका पायानं झाड होता.
माईक फुलदाणीत.
आणि जमिनीवर खडूचा एक गोल.
साउंडवाला म्हणाला, पाय बाहेर गेला की आवाज गेला.

रेशमी फेटा, डिंकानं चिकटवलेली मिशी,
केदारी गोलात उभा राहिला
जसा गिऱ्हाईक ठरेपर्यंत हंडा उभा असतो दुकानात.
गायला लागला.
ते घागरीचं गाणं, गावाला तोंडपाठ होतं ते:
घागरीत चांदणं हिंदळतं गं.
त्या 'हिंदळतं'ला त्याचा उजवा पाय पुढं पडायचा,
वर्षानुवर्षं पडत आला होता.
मी झाडामागनं बघतोय,
पाय उचलला,
खडूची रेघ बघितली,
पाय परत ठेवला.
आणि तोंडातनं आलं, 'सांडतं'.

कट म्हणाले. छान म्हणाले.
केदारी म्हणाला, चुकलं, परत घ्या.
रीळ महाग होतं.
साहेब म्हणाले, बरंच आहे की, सांडतं. लोकांना लगेच कळंल.
केदारी म्हणाला, साहेब,
घागर माझ्या हातची हाय.
सांडंल कशी?

पहिल्या खेळाला आम्ही जमिनीवर बसलो होतो, चार आण्यांत.
पडद्यावर त्याचं तोंड भिंतीएवढं,
ओठ हातभर.
लोकांनी आणे फेकले पडद्यावर,
तिथल्या केदारीला ते उचलता येईनात,
इथला केदारी गुडघ्यांत मान घालून बसला.
'सांडतं'ला थेटर उठलं.
शिट्ट्या. वन्समोर.
रीळ मागं फिरवून परत तेच,
तीनदा सांडलं चांदणं,
तिन्ही वेळा त्यानं माझा दंड धरला.

पुढच्या मेळ्यात तो चालत होता, मोकळा,
खडू नाही, मिशी नाही,
पाय पडला, 'हिंदळतं' आलं, जिथल्या तिथं.
आणि एक दहा वर्षांचं पोरगं ओरडलं,
ओ मामा, चुकलं! सांडतं हाय ते!
मग गल्लीनंच शिकवलं त्याला,
त्याचं गाणं, मोठ्यानं, कौतुकानं,
शेवटपर्यंत.

पिक्चरची रिळं पुढं कुणी धुऊन चांदी काढली म्हणतात.
निघाली असंल तोळाभर.
तो शब्द काय निघाला नाही.
अजून लग्नात मांडवाखाली बाया म्हणतात ते गाणं,
कुणाचं विचारलं तर म्हणतात, जुनं आहे.

तो थकल्यावर एकदा दुकानावर गेलो.
मला बघितलं नव्हतं त्यानं.
एका घागरीला ठोके देत होता,
गुणगुणत, तेच.
मी उंबऱ्यात थांबलो, कान देऊन,
बघू तरी काय म्हणतोय.
घागरीत चांदणं,
म्हणाला,
आणि हातोडी हाणली.